अणुवीज केंद्रात आपत्कालीन संपर्क यंत्रणेवर काम : पाससाठी कोण पात्र, कागद कोणते आणि अर्ज अडतो कुठे

विदर्भात अणुवीज केंद्र नाही, पण तारापूर, काकरापार, रावतभाटा, कैगा इथल्या केंद्रांवर कंत्राटदारामार्फत कामाला जाणाऱ्यांत आपल्याकडच्या आयटीआयची पोरंही असतात. भोंगे, लाऊडस्पीकरची पीए यंत्रणा, टेलिफोन एक्स्चेंज, हॉटलाइन, वॉकीटॉकी यांची देखभाल हे त्यातलं एक काम. हात चांगला असतो, कंत्राटदार तयार असतो, आणि पासची फाइल केंद्राच्या सुरक्षा विभागातून परत येते. कारण बहुतेक वेळा गावातच असतं: नावातलं एक अक्षर, चुकीचं पोलीस ठाणं, किंवा मिटलं म्हणून विसरलेली केस.

इतकी कडक तपासणी का, हे आधी समजून घ्या. या यंत्रणेकडून दोन अपेक्षा असतात. गरज पडली तर ती वाजलीच पाहिजे, आणि गरज नसताना वाजता कामा नये. केंद्राभोवती साधारण १६ किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजनाचं क्षेत्र धरलेलं असतं. केंद्राबाहेर परिणाम होण्याची वेळ आली तर गावांतल्या कारवाईची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. केंद्रातून बाहेर जाणारा निरोप याच तारांवरून आणि याच वायरलेसवरून जातो. दुरुस्तीच्या नावाखाली काढलेली तारांची एक जोडी परत लावायची राहिली, तर टर्बाइनच्या आवाजात काम करणाऱ्या माणसाला सूचना ऐकूच येणार नाही. म्हणून केंद्राच्या गेटचा पास वेगळा आणि या यंत्रणेच्या खोलीत शिरायची परवानगी वेगळी. पास मिळाला म्हणजे सगळं झालं, असं धरून चालू नका.

पात्रता

वय १८ पूर्ण हवं. किरणोत्सर्ग संरक्षण नियम, २००४ मध्ये ही अट आहे, त्यात सूट नाही. शिक्षणाची अट कंत्राटागणिक बदलते. संपर्क यंत्रणेसाठी साधारणपणे आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वायरमन किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा मागतात. विजेच्या जोडणीचं काम असेल तर तारतंत्री परवानाही लागतो. परवान्याची मुदत संपलेली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज आजच करा, निवड झाल्यावर नको.

वैद्यकीय तपासणीत दोन गोष्टींवर अडकतात, त्या घरूनच तपासून निघा. पहिली म्हणजे रंगांची ओळख. टेलिफोन केबलमधल्या जोड्या रंगावरून ओळखतात: पांढऱ्यासोबत निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी, मग हेच पाच रंग लाल, काळ्या, पिवळ्या, जांभळ्या तारेसोबत. अशा पंचवीस जोड्या होतात. हिरव्या-तपकिरीत गल्लत करणारा माणूस हॉटलाइनची जोडी दुसऱ्याच टर्मिनलला लावून मोकळा होईल. दुसरी उंची. भोंगे आणि हॉर्न छतावर नाहीतर खांबावर असतात, त्यामुळे उंचीवर काम करण्याचा वेगळा पास लागतो. चक्कर, रक्तदाब किंवा फिटचा त्रास असेल तर तो मिळत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांकडून आणलेला साधा फिटनेसचा कागद या दोन्हींसाठी पुरत नाही.

चारित्र्य पडताळणी

सर्वांत जास्त फाइली इथे मरतात. अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून करायचा. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, सही आणि कंत्राटदाराचं पत्र एवढं लागतं. पत्रात कामाचं ठिकाण आणि पद स्पष्ट हवं. नुसतं 'खासगी नोकरीकरिता' लिहिलेलं पत्र चढवलं, तर पुढे सुरक्षा विभाग विचारतो की हा दाखला नेमका कशासाठी काढला होता.

पहिली चूक ठाणं निवडताना होते. नागपूर शहर आणि नागपूर ग्रामीण, अमरावती शहर आणि अमरावती ग्रामीण ही पोलिसांची वेगवेगळी घटकं आहेत. सेवा केंद्रातला ऑपरेटर घाईत यादीतलं पहिलं नाव निवडतो आणि अर्ज भलत्याच कार्यालयात जाऊन पडतो. तुमचं गाव कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येतं ते पोलीस पाटलांना विचारा, चिठ्ठीवर लिहून न्या, आणि पैसे भरण्याआधी स्क्रीनवर स्वतः वाचा. पोलीस पाटलांचा दाखला मात्र या प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही. सरपंचांच्या लेटरहेडवर 'चालचलन चांगले' लिहून आणलं तरी नाही.

अर्ज ऑनलाइन, तरी तीच कागदं झेरॉक्स करून ठाण्यात पुन्हा मागतात. याला खरंच अर्थ नाही, पण मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही घेऊन जा. फोन लागत नसेल, गावात नेटवर्क नसेल, तर 'अर्जदार पत्त्यावर मिळून आला नाही' असा शेरा पडू शकतो. म्हणून अर्जात घरातला दुसरा चालू नंबरही द्या आणि आठवडाभरात स्वतःच ठाण्यात चौकशी करा. बोलावण्याची वाट पाहत बसू नका.

पत्त्याचंही तसंच. बरीच पोरं तीन-चार वर्षं नागपूर किंवा पुण्याच्या एमआयडीसीत खोली करून राहिलेली असतात. आधारवर तिथला पत्ता, रेशनकार्डावर गावचा, आणि विजेचं बिल अजून आजोबांच्या नावावर. आजोबांच्या नावाचं बिल एकटं चालत नाही. त्यासोबत तुमचं नाव असलेलं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र जोडा. मागच्या पाच वर्षांत जिथे वर्षापेक्षा जास्त राहिलात ते सगळे पत्ते फॉर्ममध्ये विचारलेले असतील तर सगळे लिहा, भाड्याची खोलीसुद्धा. दोन ठिकाणची पडताळणी लागेल, वेळ जाईल. पण पत्ता गाळला आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत पुण्याची कंपनी दिसली, तर प्रश्न पत्त्यापुरता राहत नाही.

जुन्या केसेस : हा भाग दोनदा वाचा

फॉर्ममध्ये प्रश्न साधारण असा असतो: तुम्हाला कधी अटक झाली होती का, खटला चालला का, दंड झाला का, हमीपत्रावर बांधून घेतलं होतं का. लोक वाचतात 'शिक्षा झाली का' आणि 'नाही' लिहून मोकळे होतात. प्रश्न त्याहून खूप मोठा आहे.

निवडणुकीच्या किंवा सणाच्या आधी ठाण्यातून बोलावून तहसीलदारांसमोर बॉण्ड लिहून घेतात, त्याला आपण चॅप्टर केस म्हणतो. जुन्या कायद्यात ती कलम १०७ किंवा ११० खाली व्हायची. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती १२६ आणि १२९ खाली होते. ही शिक्षा नाही, पण 'हमीपत्रावर बांधून घेतलं' यात ती येते. पोळ्याला पत्त्यांच्या डावात धरलं आणि दंड भरून सोडलं, तर तोही दंडच. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे. तिथे एका बाटलीवरून झालेली केस पोरं केस म्हणून मोजतच नाहीत. ठाण्याच्या नोंदीत मात्र ती असते.

तंटामुक्त समितीसमोर मिटलेल्या भांडणांचं आणखी वेगळं. गावाने मिटवलं ते चांगलंच झालं, पण ठाण्यात गुन्हा दाखल झाला असेल तर समितीच्या कागदाने तो बंद होत नाही. तडजोड कोर्टासमोर नोंदवून आदेश व्हावा लागतो. बांधावरच्या भांडणात दोन्ही बाजू हसतखेळत घरी येतात आणि केस तशीच प्रलंबित राहते, हे फार वेळा होतं. आणखी एक गोष्ट सहसा कुणी समजावून सांगत नाही. 'गुन्हा कबूल करा, थोडा दंड भरा, आजच सुटका' म्हणून भरलेला दंड ही दोषसिद्धी असते. निर्दोष सुटणं ते नव्हे.

उपाय सोपा आहे, फक्त आधी करावा लागतो. ई-कोर्ट्स ॲपवर जिल्हा आणि तालुका निवडून स्वतःच्या नावाने शोधा. केस निघाली तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून आदेशाची प्रमाणित प्रत काढा. फॉर्ममध्ये केस लिहा आणि प्रत जोडा. निर्णय सुरक्षा विभाग घेईल, तो अनुकूल होईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण लपवलेली केस सापडली की 'खोटी माहिती दिली' हे नाकारण्याचं स्वतंत्र कारण होतं. मग मूळ केस किती किरकोळ होती हे कोणी पाहत नाही. बाबांनो, लपवू नका.

नाव आणि जन्मतारीख

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी. एवढा फरक सहसा चालतो. स्पेलिंगचा चालत नाही. ज्ञानेश्वर एका कागदावर 'डी' ने सुरू होतो, दुसऱ्यावर 'जी' ने. विठ्ठलमध्ये एक 'टी' कमी असतो. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा आणि आधार, पॅन, बँक, आयटीआयचं प्रमाणपत्र तिच्याशी जुळवून घ्या. आयटीआयच्या प्रमाणपत्राची दुरुस्ती सर्वांत रेंगाळते, ती आधी सुरू करा. नावच बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी लागते. नोटरीचं शपथपत्र हा तात्पुरता आधार आहे, काही ठिकाणी तो मानत नाहीत.

आधार ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. त्यासाठी जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र किंवा टीसी. टीसी मराठीत असते. काकरापार गुजरातेत, कैगा कर्नाटकात, रावतभाटा राजस्थानात. तिथल्या कारकुनाला ती वाचता येणार नाही, म्हणून इंग्रजी भाषांतर साक्षांकित करून जोडा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर रिचार्जअभावी बंद पडला असेल तर ओटीपीच येत नाही आणि पहिल्याच पायरीवर काम थांबतं. तो आधी बदलून घ्या.

तारीख चुकीची वाचू नका

कंत्राटदाराने दिलेली शेवटची तारीख सहसा पूर्ण फाइल सुरक्षा विभागात पोचण्याची असते. त्या दिवशी पोलिसांकडे अर्ज केल्याची पावती दाखवून उपयोग नाही. प्रमाणपत्राची मुदतही त्यावर छापलेल्या तारखेपासून मोजतात, तुमच्या हाती पडलं त्या दिवसापासून नाही. केंद्र दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हाची कंत्राटं थोड्या दिवसांची असतात. तुमची पडताळणी होईपर्यंत काम संपलेलं असतं. आणि पास मंजूर झाल्याचा निरोप येईपर्यंत गाव सोडू नका. नागपूर ते मुंबई रेल्वेने आठशे किलोमीटरच्या वर, तिथून पुढे तारापूरसाठी बोईसर स्टेशन, आणि खोलीचं भाडं पहिल्या दिवसापासून. 'पास काढून देतो' म्हणत पैसे मागणारा माणूस भेटला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. पास विकत मिळत नाही.

आत गेल्यावर

गेटवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल असतं. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. टेस्टिंगचं मीटर, टोन जनरेटर, लॅपटॉप यांची नोंद अनुक्रमांकासह परत नेण्याच्या गेटपासवर करून घ्या, नाहीतर संध्याकाळी तुमचंच मीटर बाहेर निघणार नाही. स्वतःचा पेन ड्राइव्ह किंवा वॉकीटॉकी नेऊच नका. किरणोत्सर्ग सुरक्षेचं प्राथमिक प्रशिक्षण आणि टीएलडी बॅज (अंगावर किती किरणोत्सर्ग पडला, म्हणजे डोस, मोजणारा बिल्ला) मिळाल्याशिवाय नियंत्रित भागात जाता येत नाही.

एक्स्चेंजच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या खोलीसाठी वर्क परमिट लागतं. पाळीवरच्या प्रमुख अभियंत्याची मंजुरी, किल्लीच्या रजिस्टरवर सही, सोबत केंद्राचा माणूस. ज्या लाइनवर काम आहे तेवढीच सोडवायची, आणि तिच्या जागी पर्यायी संपर्क उभा राहिल्यावरच. चाचणी आधी जाहीर केल्याशिवाय भोंग्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याचा पासवर्ड वापरू नका, आपला देऊ नका, 'पाच मिनिटांसाठी' सुद्धा. काम झाल्यावर प्रत्येक लाइन बोलून तपासा आणि मगच परमिट परत करा.

कंत्राट संपल्यावर पास आणि टीएलडी बॅज स्वतः जमा करा आणि पोच घ्या. गावी जायच्या गडबडीत बॅज बॅगेतच राहतो, आणि पुढच्या कंत्राटाच्या वेळी जुना बॅज जमा नसल्याने नवा पास अडतो. तुमचा टीएलडी क्रमांक लिहून ठेवा. दुसऱ्या केंद्रावर गेलात तर आधीच्या डोसची नोंद त्याच क्रमांकावरून पाहतात. तिथे 'पहिल्यांदाच आलो' असं लिहू नका.