आकडा एकाचा, नकार दुसऱ्याचा

जर्मनीत नोकरीला गेलेल्या मराठी माणसाला घर शोधताना 'शूफा' हा शब्द फार लवकर शिकावा लागतो. आपल्याकडे सिबिल तसं तिकडे शूफा, फक्त तिथे लोनवालेच नाही तर घरमालकसुद्धा आधी शूफाचा कागद मागतो. वीसबाडेन शहरातली ही कंपनी, सुरुवात 1927 ची बर्लिनची, तेव्हा वीज कंपनीकडून हप्त्यावर उपकरणं घेणारे पैसे फेडतील का हे बघायला, आणि आज तिच्याकडे साधारण 6.8 कोटी लोकांची माहिती आहे.

स्कोअर निघतो कसा, तर तुमची उधारी, कार्डं, थकलेले हप्ते वगैरे घ्यायचं, पूर्वी ज्यांची माहिती अशीच होती त्यातल्या किती जणांनी पैसे बुडवले ते बघायचं आणि त्यावरून तुमची शक्यता काढायची. म्हणजे तुम्ही एक पैसा बुडवला नसला तरी तुमच्यासारख्या दिसणाऱ्यांच्या कर्माची फळं थोडी तुमच्याही वाट्याला येतात.

एका बाईंना असंच लोन नाकारलं गेलं. त्यांनी शूफाला विचारलं, माझ्याबद्दल काय लिहून ठेवलंय ते सांगा आणि चुकीचं असेल ते काढा. शूफाने स्कोअर सांगितला, पद्धत ढोबळ सांगितली, पण कशाला किती वजन ते म्हणे धंद्याचं गुपित, आणि वर आम्ही फक्त आकडा देतो, निर्णय समोरचा घेतो! आता 25 मे 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआरचं, म्हणजे युरोपियन युनियनच्या डेटा संरक्षण कायद्याचं, कलम 22 म्हणतं की काही अपवाद सोडले तर माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय नुसत्या मशीनने घ्यायचा नाही. पण निर्णय आमचा नाहीच म्हटल्यावर कलम लागणार कोणाला, आणि लोन देणाऱ्याला तरी कुठे माहिती असतं आकडा कसा आला, मस्त टोलवाटोलवी. गंमत म्हणजे वीसबाडेन ज्या हेसन राज्याची राजधानी, त्याच राज्याने 1970 साली जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा केला होता, आणि तिथल्याच डेटा संरक्षण ऑफिसने बाईंची शूफाविरुद्धची तक्रार फेटाळली.

7 डिसेंबर 2023 ला लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टाने ही पळवाट बुजवली. समोरचा जर मुख्यतः आकडा बघूनच हो-नाही ठरवत असेल तर आकडा काढणं हाच निर्णय.

मग पुढचा प्रश्न, आकडा कसा काढला ते समजावून सांगायचं म्हणजे किती? ऑस्ट्रियात एका व्यक्तीला महिना 10 युरोचं, हो फक्त 10, मोबाइल कनेक्शन नाकारलं गेलं, कारण तेच, स्कोअर. 27 फेब्रुवारी 2025 ला त्याच कोर्टाने सांगितलं की भलामोठा फॉर्म्युला तोंडावर मारला की झालं असं नाही, कुठली माहिती कशी वापरली ते साध्या भाषेत सांगा, उदाहरणार्थ माहिती वेगळी असती तर निकाल किती बदलला असता. गुपित असेल तर अधिकाऱ्यांना किंवा कोर्टाला दाखवा, ते ठरवतील. मला हे सगळ्यात आवडलं, कारण हे खरंच करून बघता येतं, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलून मॉडेल परत चालवायचं. साध्या स्कोअरमध्ये ते सोपं आहे, पण हजार गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या एआय मॉडेलमध्ये एक बदललं की चार हलतात, तिथे कंपन्यांना घाम फुटणार.

त्यात 1 ऑगस्ट 2024 पासून अमलात आलेल्या युरोपियन युनियनच्या एआय कायद्याने माणसांची पत ठरवणारी एआय सिस्टीम थेट 'हाय रिस्क' यादीत टाकलीये, फक्त फसवणूक पकडणारी सोडून. आता काही जण म्हणतील मधे एक क्लार्क बसवू, तो ओके दाबेल, झाला मानवी निर्णय. पण तो क्लार्क स्क्रीनवरचा आकडा बघूनच ओके दाबत असेल तर?