आठवीतला तो फॉर्म: स्काऊट, एनसीसी की एलिमेंटरी, हे पर्याय आले कुठून?

आठवी-नववीच्या सुरुवातीला वर्गात सर विचारतात, स्काऊट-गाईड घ्यायचं की एनसीसी (नॅशनल कॅडेट कोअर) की एमसीसी (महाराष्ट्र कॅडेट कोअर) की आरएसपी (रोड सेफ्टी पेट्रोल), एलिमेंटरीला म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला कोण कोण बसणार, खो-खोच्या टीमला नाव कोणाचं, आणि मूल घरी येऊन हे सांगतं तेव्हा आईबाप पहिलं काय विचारतात तर यातल्या कशाला मार्क आहेत. पोराला काय आवडतं हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरला येतो, आला तर. आता यात आईबापांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण ह्या यादीचा इतिहास बघितला तर मुलाच्या आवडीवरून ती कधीच बनली नव्हती. प्रत्येक वेळी कुणाला तरी मुलांकडून काहीतरी हवं होतं म्हणून एकेक गोष्ट शाळेत शिरली, पुढे ती गरज संपली आणि गोष्ट मात्र शाळेतच राहून गेली.

चित्रकलेपासून सुरू करू. मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तेव्हा लंडनला साउथ केन्सिंग्टनमध्ये चित्रकला शिकवायची एक ठराविक पद्धत बसवली होती, म्हणजे आधी रेघ, मग भूमिती, मग समोर ठेवलेली वस्तू जशीच्या तशी, मग नक्षी. मागे हेतू असा की कारखान्याला, इमारतींच्या कामाला, कापडाच्या डिझाइनला हात तयार व्हावेत. तीच पद्धत इकडे आली, आणि मुंबई इलाख्यात सरकारी ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षा ब्रिटिश काळातच रुजल्या. आता एलिमेंटरीचे पेपर आठवून बघा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. तांब्या, कांदा, पुस्तक असं काहीतरी मांडून ठेवलंय आणि पोरं एक डोळा मिटून पेन्सिलीने माप घेतायत, हे दृश्य त्याच साच्यातून आलेलं आहे. १९६५ मध्ये कला संचालनालय वेगळं झालं, परीक्षा त्यांच्याकडे गेल्या, पण पेपरांचा सांगाडा फारसा हलला नाही. एलिमेंटरीच्या पुढची इंटरमिजिएट झालेली असेल तर आर्ट टीचर डिप्लोमाला वगैरे जाता यायचं, म्हणून ज्याला खरोखर त्या लाइनला जायचंय त्याला त्याचा उपयोग होता. बाकीच्यांसाठी ती 'ए ग्रेड मिळाली' एवढं पाहुण्यांना सांगायची गोष्ट होती, आणि माझ्या मते तो काळ त्या परीक्षेचा सगळ्यात चांगला काळ होता, कारण तेव्हा बसणारा हौसेने बसायचा.

गाण्याचं थोडं वेगळं. तिथे सरकार नव्हतं, एक माणूस होता. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले, त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ मध्ये मुंबईत. गाणं म्हणजे कोठीवरची किंवा दरबारातली गोष्ट असं मध्यमवर्गाला वाटत होतं, ते त्यांना मोडायचं होतं, त्यासाठी त्यांनी गाण्याला शाळेसारखं रूप दिलं, ठरलेला कोर्स, स्वरलिपी, वर्ग, परीक्षा. १९३१ ला ते गेल्यावर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी शिडी घरोघरी पोचली. चांगल्या घरातल्या मुली पेटी घेऊन क्लासला जायला लागल्या त्यात या परीक्षांचा हात मोठा आहे. कागदावर सर्टिफिकेट मिळतंय म्हटल्यावर आजोबासुद्धा गप्प बसत असणार!

आता स्काऊट. बेडन-पॉवेल हा ब्रिटिश लष्करातला अधिकारी, १९०७ ला ब्राउनसी बेटावर त्याने मुलांचा पहिला कॅम्प घेतला, आणि दोनच वर्षांत म्हणजे १९०९ ला स्काउटिंग भारतात आलं, पण फक्त इंग्रज आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या पोरांना प्रवेश नाही. साम्राज्याला शिस्तबद्ध, कणखर पोरं हवी होती खरी पण ती गोरी हवी होती, नेटिव्ह पोरांना निशाण, तंबू, कवायत, टेहळणी शिकवायची तर उद्या तीच विद्या आपल्यावर उलटेल ही भीती. मग भारतीयांनी आपलं आपण सुरू केलं. मध्य प्रांतात नागपूरच्या विवियन बोस यांनी यात पुढाकार घेतला, हे पुढे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. कुंझरू हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र आणून ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स अँड गाईड्स झालं आणि पुढच्या वर्षी मुलींची गाईड संघटना त्यात आली.

म्हणजे ज्या गोष्टीतून आपल्याला बाहेर ठेवलं होतं तीच पुढे शाळेत सक्तीसारखी झाली. आपल्याकडे स्काऊट म्हटलं की स्कार्फ, डाव्या हाताचा शेकहँड, दोरीच्या गाठी आणि 'खरी कमाई'. खरी कमाई म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना माहितीये, ओळखीच्या घरी जायचं, काहीतरी काम करायचं आणि त्यांनी पाच-दहा रुपये द्यायचे, प्रत्यक्षात निम्म्या पोरांची खरी कमाई आईच्या पर्समधून व्हायची. प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार ही उतरंड मात्र खरी कष्टाची आहे, जे वरपर्यंत गेले ते रात्री जंगलात कॅम्प करून आलेले असतात.

एनसीसीचा जन्म वेगळ्या गरजेतून. १९४६ मध्ये सरकारने एक कमिटी नेमली, अध्यक्ष तेच हृदयनाथ कुंझरू, तिच्या शिफारशींवरून १९४८ ला एनसीसीचा कायदा झाला, मुलींचा विभाग १९४९ मध्ये. शाळेसाठी ज्युनियर डिव्हिजन, कॉलेजसाठी सीनियर. इथपर्यंत हे हौसेचं होतं. मग १९६२ चं चीन युद्ध झालं, सगळा देश हादरला, आणि १९६३ पासून कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची केली. त्या काळातले आजोबा असतील घरात तर विचारा, जाड खाकी ड्रेस, बुटांना पॉलिश, भर उन्हात परेड, आणि निम्म्या जणांना त्यातलं काहीही नको होतं. सक्ती पाच वर्षं टिकली, १९६८ ला परत ऐच्छिक झालं, आणि लगेच १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांमध्ये एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. एकाच दशकात देशाला आधी सैनिक हवा होता आणि मग खेड्यात जाऊन श्रमदान करणारा स्वयंसेवक हवा होता, पोरगा तोच. बरं, ऐच्छिक झाल्यावर एनसीसीचा भाव वाढला ही गंमत. सगळ्या शाळांना युनिट मिळत नाही, जागा मर्यादित, त्यामुळे सिलेक्शन होतं, धावायला लावतात, आणि सिलेक्शन होतं म्हटलं की पोरांना ते हवं असतं. परेडनंतरच्या नाश्त्याचाही वाटा आहे त्यात.

गांधींचं नाव निघालंय तर कार्यानुभव राहायला नको. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि नई तालीम पुढे आली, हाताने काम करता करता शिकायचं, सूत कातायचं, शेती करायची. कल्पना अशी होती की हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा असेल. शाळांनी त्यातली सूत कातायची टकळी घेतली आणि कणा सोडून दिला. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'वर्क एक्स्पिरिअन्स' आणला, या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक, तेही मोठी स्वप्नं बघणारे. शाळेपर्यंत येता येता त्याचं काय झालं तर मेणबत्त्या, खडू आणि कागदी फुलं, आणि वर्षाच्या शेवटी वहीवर सही. त्याच्या आधी १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने तर स्पष्ट म्हटलं होतं की असे उपक्रम हा शिक्षणाचाच भाग धरा, बाजूची गोष्ट धरू नका. सत्तर वर्षं होऊन गेली त्याला.

खेळांचं तसं नाही, ते मुळात आपलेच. डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बसवले, त्याच वर्षी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं, त्यांचं पथक १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकला जाऊन आपले खेळ दाखवून आलं. पण तालमीतला नि मैदानातला खेळ शाळेच्या वेळापत्रकात पी.टी.चा तास म्हणून आला की त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहिती आहे. तो तास गणिताच्या सरांचा.

मार्कांची भानगड बऱ्यापैकी अलीकडची. राज्य, राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुलांना बोर्डात वाढीव गुण, जास्तीत जास्त २५ पर्यंत, ही सवलत आधीपासून होती आणि तिच्यामागे तर्कही होता, स्पर्धेसाठी महिनोन् महिने बाहेर असणाऱ्या पोराचं नुकसान भरून निघावं. मग शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकलेलाही गुण मिळायला लागले. इंटरमिजिएटला ए असेल तर ७, बी ला ५, सी ला ३. आता हे कधी आलं तर अशा काळात, जेव्हा मुंबईत अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन झाले होते, बेस्ट ऑफ फाइव्ह म्हणजे सगळ्यात जास्त मार्कांच्या पाच विषयांवर टक्के काढणं आलं होतं आणि अर्ध्या टक्क्याने कॉलेज हुकत होतं. २०१७ च्या दहावीत १९३ मुलांना शंभर टक्के पडले, त्यात या वाढीव गुणांचा वाटा होताच. झालं मग, ज्याला कधी रंगपेटीला हात लावावासा वाटला नाही तोही इंटरमिजिएटच्या क्लासला. स्मरणचित्राचे पाठ केलेले नमुने आले, बाजारातला देखावा, पावसातली छत्री, सगळ्यांची माणसं सारखीच. चित्रकलेचे शिक्षक यावर वैतागतात आणि त्याच वेळी त्यांचे क्लास यामुळेच भरतात, त्यामुळे फार मोठ्याने वैतागता येत नाही.

सीबीएसईने दुसऱ्या वाटेने जाऊन बघितलं. २००९ पासून सीसीई म्हणजे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं, त्यात अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना को-स्कोलॅस्टिक म्हणून ग्रेड होत्या, आणि तिकडे चांगलं असेल तर विषयातली ग्रेड वर जायची. शाळांनी सगळ्यांना ए देऊन टाकला. २०१७ ला गुंडाळलं.

आणि आता तिसरंच वारं आहे, 'प्रोफाइल'चं. पुण्या-मुंबईत परदेशी कॉलेजची तयारी करून देणारे सल्लागार नववीपासूनच सांगतात की एखादी एनजीओ, एखादं वाद्य, एखादं रिसर्च असं काहीतरी दाखवायला हवं. अमेरिकेतल्या कॉमन ॲपच्या, म्हणजे अनेक कॉलेजांना एकच चालणाऱ्या अर्जाच्या, फॉर्मवर दहा ॲक्टिव्हिटींची जागा असते, त्या दहा रकान्यांसाठी हा सगळा खटाटोप. याचं मूळही काही फार निरागस नाहीये. १९२० च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनला परीक्षेच्या मार्कांवर ज्यू मुलं जास्त संख्येने यायला लागली, ती कमी करायला त्यांनी चारित्र्य, नेतृत्व, खेळ, घराणं असले निकष प्रवेशात घुसवले. शंभर वर्षांनी त्याच निकषांच्या मागे बाणेर-ठाण्याची पोरं धावतायत. इकडे जी पोरं परदेशी जाणार नाहीत ती आठवीपासूनच जेईई-नीटच्या फाउंडेशनला, त्यांना संध्याकाळ उरतच नाही, फॉर्मवर काहीही टिक करा.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर अशी भिंतच ठेवायची नाही असं लिहिलंय, सहावी ते आठवी दहा दिवस दप्तराविना. चांगलंच आहे, पण भिंत काढायची तर पलीकडे कुणीतरी उभं पाहिजे. शिक्षण हक्क कायद्यात २००९ पासूनच तरतूद आहे की सहावी ते आठवीत शंभरच्या वर मुलं असली तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवेत. अंशकालीन, हं. तुमच्या शाळेत असे किती आहेत ते पालकसभेला विचारून बघा. चित्रकलेचे सर रिटायर झाले, जागा भरली नाही की एलिमेंटरीची बॅच बाहेरच्या क्लासवाल्याकडे जाते, स्काऊटचं ट्रेनिंग घेतलेल्या बाईंची बदली झाली की पथक बंद, आणि खो-खोची टीम असणं-नसणं हे तर एका माणसाच्या संध्याकाळी दोन तास थांबण्यावरच आहे. त्यामुळे आठवीत फॉर्म आला की आधी शाळेत कोण शिकवणारं टिकून आहे ते बघा, मार्कांचा जीआर (शासन निर्णय) नंतर वाचा, तसाही तो दर दोन-चार वर्षांनी बदलतो.