भुट्ट्याच्या किसाची कढई

पावसाळ्यात इंदूरच्या मराठी घरांत भुट्ट्याचा कीस एकदा तरी होतोच, आणि ती कढई कोण घासणार यावरून कुरबुरही. तिच्यात तीन जातींची चिकटं एकत्र नांदत असतात: मक्यातलं पिष्ट, दुधातली प्रथिनं आणि तूप. तिघांना एकच औषध चालत नाही.

पिष्टाचे कण साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला पाणी पिऊन फुगतात, त्यांची खळ होते. खळ वाळली की डिंकासारखी धरून बसते. तारेच्या घासणीने तिच्याशी झुंजून मनगटच दुखतं. तिला पुन्हा पाणी पाजलं की ती आपणहून सैल पडते. कढई काठोकाठ भरायची गरज नाही. ती कोमट झाली की खरवड बुडेल एवढं पाणी, लिक्विडचा थेंब, वर झाकण. मग आपण खुशाल जेवायला बसावं. (नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून चढवून इथे आणतात. १९७८च्या आधीची टंचाई पाहिलेली माझी आई नळ जरा मोठा सोडला की हे ऐकवतेच.)

कणकेच्या परातीचं मात्र उलटं. तिथलं पीठ कच्चं असतं; गरम पाणी ओतलं की परातीतच खळ शिजते. फेटलेल्या अंड्याच्या वाटीचंही तेच, तिथे प्रथिनं गोठतात. दोन्हींना आधी गार पाणी.

राहिलं तूप. पाणी आणि तूप यांचं जमत नाही. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तुपात शिरतं. असे पुष्कळ रेणू तुपाच्या थेंबाला वेढून त्याला पाण्यात तरंगत ठेवतात. स्निग्ध पदार्थ पाण्याच्या पृष्ठभागावर नेमकं काय करतात, याचा मूलभूत शोध एका स्वयंपाकघरात लागला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जर्मनीतल्या ब्राऊनश्वाइगच्या अॅग्नेस पॉकेल्स (१८६२–१९३५) यांना विद्यापीठाची दारं बंद होती. घरकाम आणि आईवडिलांची शुश्रूषा सांभाळून त्यांनी पत्र्याचं एक उथळ पात्र बनवलं आणि पृष्ठताण मोजला. १८९१ मध्ये त्यांनी इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. रॅले यांनी ते 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापवून आणलं. पुढे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युर यांनी तशाच पात्रावर काम केलं, आणि पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी १९३२चं नोबेल त्यांना मिळालं. पॉकेल्स यांना नोबेल मिळालं नाही; त्याच वर्षी ब्राऊनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

म्हणून घासण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी पेले, मग ताटवाट्या, तुपकट कढई शेवटी. नाहीतर घासणीवरचं तूप घरभरच्या भांड्यांना लागतं. खरकटं त्याआधीच ओल्या कचऱ्यात. ते इंदूरच्या देवगुराडियातल्या कचरा प्रकल्पात जाऊन बायो-सीएनजी, म्हणजे वाहनांचा गॅस होतं, मोरीत गेलं तर फक्त नळी तुंबते.

करपलेल्या थराला खाण्याचा सोडा घालून उकळलेलं पाणी उत्तम. अॅल्युमिनियमची कढई मात्र त्याने काळवंडते. सोड्यात व्हिनेगर ओतून फेस काढणाऱ्यांचं मला नवल वाटतं. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून मोकळी होतात, हाती उरतं मिठवणीसारखं पाणी. आजीची बंबातली राख त्यापेक्षा शहाणी होती. तिच्यातलं पोटॅशियम कार्बोनेट जुन्या तेलकटाशी मिळून तिथल्या तिथे थोडा साबण तयार करायचं. आमच्या लिक्विडला आजी शेवटपर्यंत 'रंगीत पाणी'च म्हणत राहिली.