गाडीचं घरगुती पत्राकाम आणि रंगकाम

गॅरेजला न देता गाडीचा गंजलेला पत्रा स्वतःच कापायचा, नवा जोडायचा, पुटी (खाचखळगे भरायची पेस्ट) भरायची आणि रंग मारायचा, या सगळ्याला मिळून घरगुती पत्राकाम-रंगकाम म्हणतात. मुंबई, कोकण, गोव्याकडे याची गरज जास्त पडते कारण खारी हवा आणि वर चार महिने पाऊस. रंग कुठला, चमक किती हे नंतरचं, यातली सगळी मेहनत पत्र्यापर्यंत पाणी पोचू नये यासाठीच असते.

गंज बहुतेक वेळा आतून येतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला भोकं असतात, ती मातीने बुजली की पाणी आत साठतं आणि बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा खलास झालेला असतो. चाकावरच्या कमानी, बॅटरीखालचा ट्रे, मॅटखालचा फ्लोअर इथेही तेच. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघावं, आत गेला तर घासून उपयोग नाही, चांगला पत्रा लागेपर्यंत कापावंच लागतं.

जोड द्यायला साधारण 0.8 ते 1 मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड, थंड लाटलेला) पत्रा चालतो. वेल्डिंग मिगनेच (तार आपोआप पुढे येणाऱ्या मशीनने) करावं, साध्या रॉडच्या मशीनने एवढ्या पातळ पत्र्याला भोकं पडतात. सलग वेल्ड ओढत नेली की पत्रा तापून वेडावाकडा होतो, म्हणून एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं, मग हळूहळू फटी भरत यायचं. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, आतलं कार्पेट काढायचं, आणि पेट्रोलची टाकी किंवा पाइप जवळ असेल तर ते काम सरळ वेल्डरला द्यायचं, तिथे हौस नको.

सगळ्यात जास्त फसवाफसवी पुटीत होते. भोकावर जाळी लावून वर पुटी थापायची आणि रंग मारून गाडी विकायची हा जुन्या गाड्यांच्या बाजारातला नेहमीचा प्रकार, लोहचुंबक लावला की कळतं, तो जाड पुटीवर चिकटतच नाही. पॉलिएस्टर पुटी पाणी शोषते, त्यामुळे मागून उघडी राहिली की पावसाळ्यानंतर फुगते. खाली आधी इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला पाण्यापासून वाचवणारा पहिला थर), वर पुटीचा दोन-तीन मिमीचाच थर, हार्डनर (पुटीत मिसळायचं, ती कडक करणारं रसायन) पुटीच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. जास्त घातला तर लवकर सुकते खरी पण नंतर रंगातून डाग वर येतात. उघडी पुटी कोरडीच घासायची, आधी 80 मग 180 नंबरच्या पॉलिश पेपरने. पाणी लावून घासायचं ते वरून सरफेसर (रंगाआधीचा, पृष्ठभाग सपाट करणारा थर) मारल्यावर, 400 ते 600 ने.

रंगाचा कोड गाडीवरच्या प्लेटवर किंवा स्टिकरवर असतो, पण उन्हात रंग उडालेल्या गाडीला कोडचा रंगही वेगळा दिसतो, मेटॅलिक असेल तर विचारूच नका. म्हणून अख्खं दार किंवा अख्खं फेंडर मारलेलं बरं. स्प्रे गन पत्र्यापासून 15 ते 20 सेंमीवर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत, हात मध्ये थांबला की ओघळ आलाच. टायर पॉलिशमधलं सिलिकॉन पॅनलवर राहिलं असेल तर रंग तिथे बसत नाही, बारीक खड्डे पडतात. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पांढुरका पडतो. साधा स्प्रे कॅन स्वस्त, पण त्यात हार्डनर नसतो आणि पेट्रोल सांडलं की रंग निघतो. टूके (2K, हार्डनर मिसळून मारायचा) रंग टिकतो, मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, त्याने कायमचा दमा होऊ शकतो आणि रुमाल किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. घरच्या बंद शेडमध्ये तो मारूच नये.

आहे तोच रंग मारला तर आरटीओचा प्रश्न येत नाही. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. गाडीचा मूळ ढाचा बदलण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने बंधनं आहेत आणि सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये ती कायम ठेवली, त्यामुळे छत कापून ओपन जीप करायचा बेत असेल तर ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी आरटीओत जाऊन यावं.