लोहभट्टी आणि ओतशाळा

जुन्या उद्योगांविषयी लिहिताना ‘लोखंडाचा कारखाना’ हे एकच नाव लोहभट्टीलाही दिले जाते आणि ओतशाळेलाही. लोहभट्टीत खनिजापासून लोखंड तयार होते. ओतशाळेत, म्हणजे फाउंड्रीत, तयार कच्चे लोखंड किंवा भंगार वितळवून वाळूच्या साच्यांत ओततात.

नागपूर जिल्ह्यातील नायकुंडच्या उत्खननात इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या सुमाराची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती खरी लोहभट्टी होय. मात्र अशा भट्टीत लोखंड पूर्णपणे वितळत नसे, तर लोणारी कोळशाच्या आचेने खनिजातील प्राणवायू निघून जाई आणि मळीने, म्हणजे खनिजातील वितळलेल्या अशुद्ध भागाने, भरलेला सच्छिद्र गोळा हाती येई. तो तापवून, ठोकून घडवता येई, साच्यात ओतता येत नसे. उलट अहमदनगरला १५४९ मध्ये ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ ओतली गेली, ती कांस्याची. ओतकामाचे एवढे मोठे कौशल्य तेथे होते, पण त्याचा लोहभट्टीशी काही संबंध नव्हता.

किर्लोस्करवाडीच्या बाबतीत हा फरक विशेष स्पष्ट होतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात कारखाना उभारला आणि तेथे लोखंडी नांगर बनू लागले. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरील जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. ही हकिकत महाराजांचे औदार्य म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु मला ती त्या कारखान्याच्या स्वरूपाचा सर्वांत बोलका पुरावा वाटते, कारण लोहभट्टी असती तर टंचाईच्या काळात तिने तोफा नव्हे, खनिज शोधले असते.

खनिजाचा शोध चंद्रपूरकडे झाला होता. लोहारा येथील लोहखनिजाविषयीचा १८८२ चा अहवाल वाचून जमशेटजी टाटांनी तेथे पोलादाचा विचार केला, पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला योग्य ठरला नाही. टाटांची कंपनी अखेर १९०७ मध्ये स्थापन झाली, आणि तिची भट्टी १९११ च्या अखेरीस पेटली ती दूर साकची (आजचे जमशेदपूर) येथे. ओतशाळेला मात्र खाणीची अशी अट नसते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्र्या वाढल्या त्या इंजिने, पंप आणि त्यांच्या सुट्या भागांच्या मागणीवर.

एखाद्या गावात पडक्या कारखान्याची जागा दाखवली गेली, तर आधी जमिनीकडे पाहावे. जड, काचेसारख्या मळीचे मोठे ढीग आणि भात्याच्या मातीच्या नळ्यांचे तुकडे लोहभट्टीकडे बोट दाखवतात. जळून काळी पडलेली वाळू आणि फुटक्या बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तुकडे असतील, तर तेथे ओतशाळा होती. थोडीशी मळी ओतशाळेत लोखंड वितळवणाऱ्या उभ्या ‘क्युपोला’ भट्टीतूनही निघते, म्हणून केवळ मळीचे चार खडे पाहून निर्णय करू नये.