भारतीय बचाव (बुद्धिबळ)

भारतीय बचाव : पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवल्यावर काळ्याने राजाकडचा घोडा बाहेर काढून दिलेले उत्तर. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निमझो-इंडियन व ग्रुनफेल्ड हे या कुळातले परिचित प्रकार. पटाचा मध्य लगेच प्याद्यांनी न अडवता त्यावर दुरून, बहुधा कडेला बसवलेल्या उंटाने, दाब ठेवणे हे त्यांचे सामाईक धोरण.

नावाच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. त्यामुळे हळूहळू मांडणी करून उंट बाजूला बसवण्याची सवय लागली व तिच्यावरून नाव पडले, असे एक मत. दुसरे मत कोलकात्याच्या महेशचंद्र बॅनर्जी यांच्याकडे बोट दाखवते. खेड्यातून आलेल्या या ब्राह्मण खेळाडूचे स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन (१७९८–१८७८) यांच्याशी साधारण १८४८ ते १८६० च्या दरम्यान पुष्कळ डाव झाले आणि त्यांतले काही इंग्रजी नियतकालिकांतून छापून आले. ‘इंडियन डिफेन्स’ ही संज्ञा निदान १८८४ पासून आढळते आणि ती याच डावांशी जोडलेली दिसते, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. महेशचंद्र उंट कडेला का बसवीत, हे पहिल्या मताने उलगडते. पण कॉक्रेन यांच्याशी झालेल्या १८५५ च्या प्रसिद्ध डावात त्यांनी वजिरापुढचे प्यादे तिसऱ्याच चालीला आणि वजिराच्या उंटापुढचे आठव्या चालीला थेट दोन घरे पुढे टाकले आहे. युरोपीय नियम त्यांच्या अंगवळणी पडले होते, असेच यावरून म्हणावे लागते.

या डावात महेशचंद्रांकडे काळी मोहरी आहेत आणि तो ग्रुनफेल्ड पद्धतीने सुरू होतो. ज्यांचे नाव या पद्धतीला मिळाले ते व्हिएन्नाचे एर्न्स्ट ग्रुनफेल्ड ती स्पर्धांत खेळू लागले १९२२ मध्ये, म्हणजे तब्बल ६७ वर्षांनी! अठराव्या चालीला कॉक्रेन यांचा घोडा काळ्या राजाच्या उंटापुढचे प्यादे मारून वजिरावर चालून जातो. महेशचंद्र वजीर न हलवता उलट पांढऱ्या वजिरावर घोडा घालतात. तेथे डाव संपतो. पांढरा पुढच्या तीन चालींत मात देऊ शकतो : घोडा उठताच वजिराचाही शह उघडतो, राजा कोपऱ्यात जातो, वजिराचा बळी हत्तीला घ्यावाच लागतो आणि आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला तोच घोडा परत येऊन मात देतो.

१९२० च्या दशकात निमझोविच, रेटी आदी बुद्धिबळपटूंनी या धोरणाला तात्त्विक बैठक दिली.