बाहियातला रेगे : ढोल तेरेरोचे, रंग जमैकाचे

ब्राझीलमधल्या बाहिया राज्याची राजधानी साल्व्हादोर. तिच्या जुन्या शहरात मंगळवार हा आशीर्वादाचा वार. दिवसा सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये भक्तांची रीघ लागते, गरिबांना पाव वाटला जातो. 1980 च्या दशकात त्याला रात्रीची जोड मिळाली. अंधार पडला की त्याच पेलोरिन्यो भागात ढोलांच्या तालमी सुरू होत आणि रेगेचे, म्हणजे जमैकातल्या संगीताचे, बार भरून जात. चर्चमधून निघून थेट ढोलापाशी जाण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पेलोरिन्यो म्हणजे गुलामांना बांधून फटके मारायचा खांब. जागेचं नाव अजून तेच आहे.

या शहरातली काळी अस्मिता रेगेने जागवली असं पर्यटकांना सांगितलं जातं. ते सांगायला सोपं आहे, पण तारखांशी जुळत नाही. रेगे आला तेव्हा ढोल आधीपासून वाजत होते आणि ते वाजवणारे हात तेरेरोत तयार झालेले होते. तेरेरो म्हणजे कांदोंब्ले या धर्माचं ठाणं. तिथे ओरिशांना, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या दैवतांना, ढोल वाजवून बोलावतात आणि ती भक्तांच्या अंगात येतात. प्रत्येक दैवताचा ताल वेगळा, रंग वेगळा, नैवेद्य वेगळा. ढोल तीन : मोठा रुम, मधला रुम्पी आणि धाकटा ले. या ढोलांची प्रतिष्ठापना होते, त्यांना नैवेद्यही दाखवतात. गुलामगिरी 1888 मध्ये उठली, तरी बाहियातल्या तेरेरोंना पोलिसांकडे नोंदणी करून परवाना काढावा लागे. ही सक्ती राज्य सरकारने काढली ती 1976 मध्ये.

तोवर ढोल रस्त्यावर आणायचा तर कशाचा तरी आडोसा लागे. 1949 मध्ये बंदरावरच्या गोदी कामगारांनी कार्निव्हलसाठी एक मंडळ काढलं आणि त्याला नाव दिलं ‘गांधींची मुलं’. गांधीहत्येला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. शांततेचा पुतळा पुढे धरला की पोलीस जरा सबुरीने घेतील, असा त्यात हिशेब होता. मंडळात फक्त पुरुष. डोक्याला टॉवेलचा फेटा, त्यावर निळा खडा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा. हे गांधी आपल्या ओळखीचे नाहीत, एखाद्या संस्थानिकासारखे दिसतात. पण त्यांच्या मिरवणुकीतला ताल होता इजेशा, म्हणजे सरळ तेरेरोतला. नाव पोरबंदरच्या माणसाचं आणि वाजत होता ओरिशांचा ढोल.

खरा वाद झाला तो पुढे, 1974 मध्ये. लिबरदाद या काळ्या वस्तीतल्या कुरुझू गल्लीत, एका तेरेरोच्या अंगणात, काही तरुणांनी नवं कार्निव्हल मंडळ काढलं. मंडळाला ते ‘ब्लोको’ म्हणतात. संस्थापकांपैकी एकाची आई त्या तेरेरोची मुख्य पुजारीण होती. पहिल्यांदा सुचलेलं नाव ‘काळी सत्ता’ अशा अर्थाचं होतं. अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीच्या बातम्या तिथवर पोचल्या होत्या. त्याच बातम्या वाचून दोन वर्षं आधी मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. ब्राझीलमध्ये मात्र तेव्हा लष्करी राजवट होती. पोलिसांचा रोख पाहून ते नाव मागे पडलं आणि योरुबा या पश्चिम आफ्रिकेतल्या भाषेतलं नाव आलं. पण निर्णय बदलला नाही : या ब्लोकोत फक्त काळ्यांना प्रवेश.

1975 च्या कार्निव्हलमध्ये जेमतेम शंभरेक माणसं या ब्लोकोत चालली. शहरातल्या मोठ्या दैनिकाने त्यांना वंशवादी ठरवलं, बेसूर म्हटलं. सुदैवाने आपल्याकडे वंशाचा प्रश्नच नाही, हे ब्राझीलच्या जनतेचं मोठं सुख आहे, असंही त्यात लिहिलं. हे वाक्य आज वाचताना हसू येतं. पण त्या काळी शिकलेल्या माणसाचं मत असंच असे. गोरे, काळे, मूळनिवासी असे सगळे मिसळून एक झालो, ही देशाची अधिकृत समजूत होती. त्या समजुतीला हात लावणं म्हणजे देशात दुही माजवणं.

मग उलट बाजू कुठे होती? पैसेवाल्यांच्या ब्लोकोंभोवती दोर असे. आत चालायचं तर पैसे भरायचे, अर्जासोबत फोटो आणि राहण्याचा पत्ता द्यायचा. फोटो काळा असला, पत्ता गरीब वस्तीतला असला की जागा भरलेल्या निघत. नियमात ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते वंशवादी नव्हते. कुरुझूच्या पोरांनी आपला नियम उघड बोलून दाखवला, म्हणून ते वंशवादी. दोन्ही नियमांना एकाच तराजूत घालणारी तटस्थता मला पटत नाही. तरी एक प्रश्न उरतोच आणि तो ब्लोकोच्या विरोधकांनीच नव्हे, आत येऊ पाहणाऱ्यांनीही विचारला : काळा म्हणजे नेमका कोण?

इथे शब्दांचा गुंता आहे. जनगणनेत रंगाचे पाच रकाने असतात. त्यातला ‘प्रेतु’ म्हणजे काळा आणि ‘पार्दु’ म्हणजे मिश्र, सावळा, तपकिरी, जे म्हणाल ते. ‘नेग्रु’ हा शब्द जनगणनेच्या रकान्यात नाहीच. एकेकाळी तो तोंडावर फेकायचा शब्द होता आणि ‘प्रेतु’ त्या मानाने सौम्य. 1931 मध्ये साव पावलोत निघालेल्या काळ्यांच्या संघटनेने ‘नेग्रु’ हाच शब्द नावात घेतला. पुढे चळवळीने त्याचा अर्थ वाढवला : प्रेतु अधिक पार्दु म्हणजे नेग्रु. 2010 च्या वंशसमानता कायद्यानेही तीच बेरीज धरली. 2022 च्या जनगणनेत पार्दु 45.3 टक्के, गोरे 43.5 आणि प्रेतु 10.2 होते. म्हणजे ‘काळे किती’ याचं उत्तर दहा टक्केही येतं आणि पंचावन्नही. दोन्ही बरोबर. आता पुन्हा अनेक तरुण अभिमानाने स्वतःला ‘प्रेतु’ म्हणवतात. कुरुझूच्या दारात 1974 मध्ये जनगणना चालत नव्हती. तिथे माणसाकडे बघून ठरायचं आणि सावळ्या रंगाच्या पोराला तिथेही उत्तर लगेच मिळत नसे.

दरवर्षी कार्निव्हलच्या शनिवारी रात्री तो ब्लोको निघण्याआधी तेरेरोपुढे विधी होतो. पांढरी कबुतरं सोडतात आणि मक्याच्या लाह्या गर्दीवर उधळतात. लाह्या हे साथीच्या रोगांच्या ओरिशाचं अन्न. मग ढोल सुरू होतो आणि मिरवणूक कुरुझूचा चढ चढते. यात जमैका कुठेही नाही.

जमैका आलं ते 1980 च्या आसपास. रेगेचा जमैकन गायक बॉब मार्ली 1980 च्या मार्चमध्ये रिओत येऊन फुटबॉल खेळून गेला, पण तिथे गायला मात्र नाही. 1981 च्या मेमध्ये तो वारला. त्याच वर्षी लिबरदादमध्ये त्याला वाहिलेला नवा ब्लोको निघाला. रंग जमैकन, गाणी रेगेची आणि नाव ‘मुझेंझा’, म्हणजे कांदोंब्लेत नुकतीच दीक्षा घेतलेली व्यक्ती. सगळी गोष्ट त्या एका नावात आहे. पेलोरिन्योतल्या दुसऱ्या एका ब्लोकोच्या ढोलप्रमुखाने याच दशकात सांबाची घाई कमी केली, मोठ्या ढोलांना वेगवेगळे आवाज वाटून दिले आणि लहान ढोलावर दोन बारीक छड्यांनी रेगेतल्या गिटारसारखा आडवा ठोका आणला. त्याला नाव पडलं सांबा-रेगे. पुढे परदेशी पॉप गायक तिथे ध्वनिमुद्रणाला आणि चित्रीकरणाला आले आणि तो आवाज जगभर गेला.

उत्तरेकडच्या साव लुईसची तऱ्हा आणखी निराळी. तिथे स्पीकरच्या भिंती रचून जमैकन तबकड्या वाजवतात आणि लोक जोडीने बिलगून नाचतात. इंग्रजी कळत नसल्यामुळे गाण्यांना आपलीच नावं ठेवतात, झकास गाण्याला ‘दगड’ म्हणतात. दुर्मिळ तबकडी दुसऱ्याला ओळखू येऊ नये म्हणून तिच्यावरचं लेबल खरवडून टाकायची रीत होती. 2018 मध्ये तिथे रेगेचं संग्रहालयही झालं.

रेगेसोबतचा जमैकातला रास्ताफारी धर्म मात्र बाहियात फारसा रुजला नाही. जटा आल्या, लाल-पिवळा-हिरवा आला, इथिओपियाच्या सम्राटाचं चित्र आलं, पण तो बायबलमधला एकच देव ओरिशांच्या गर्दीत सामावला. जटा राखणारे तेरेरोतही जातात. बायबल खरं आडवं आलं ते दुसऱ्याच बाजूने. 1999 मध्ये एका मोठ्या इव्हँजेलिकल चर्चच्या वृत्तपत्राने साल्व्हादोरच्या एका पुजारणीचा फोटो भोंदूगिरीच्या मथळ्याखाली छापला. तिच्या तेरेरोवर हल्ले झाले आणि 21 जानेवारी 2000 ला ती हृदयविकाराने गेली. 2007 पासून तो दिवस धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा राष्ट्रीय दिवस आहे. भांडण वड्यापर्यंतही पोचलं. आकाराजे म्हणजे चवळी वाटून पामतेलात तळलेला वडा, वादळाच्या देवीचा नैवेद्य. काही इव्हँजेलिकल विक्रेत्यांनी तोच वडा ‘येशूचा वडा’ म्हणून विकायला घेतला आणि पांढऱ्या झग्याऐवजी साधे कपडे घातले.

कुरुझूच्या दारातला ‘काळा कोण’ हा प्रश्न पुढे सरकारच्या दारात गेला. ब्राझिलियाच्या केंद्रीय विद्यापीठाने 2004 मध्ये काळ्यांसाठी राखीव जागा सुरू केल्या. अर्जासोबत फोटो घेत आणि समिती तो पाहून ठरवी. 2007 मध्ये दोन एकसारख्या जुळ्या भावांनी अर्ज केले. समितीने एकाला काळा ठरवलं आणि दुसऱ्याला नाही. बोभाटा झाल्यावर फेरतपासणीत दुसराही काळा ठरला आणि फोटो जाऊन त्या जागी मुलाखत आली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा एकमताने वैध ठरवल्या. आजही अशा समित्या उमेदवाराला समोर उभा करून पाहतात. आजी-आजोबा कोण होते ते विचारात घेत नाहीत. चेहरा, केस, कातडी, एवढंच पाहतात.